व्हॉट्सअ‍ॅप कॉल पोलिसांना ऐकता येतो का, आणि ऐकायचा असेल तर कोणाची सही लागते?

खडकवासला

सगळ्या ग्रुपांवर तो जुना फॉरवर्ड परत फिरायला लागलाय: उद्यापासून सगळे कॉल रेकॉर्ड होणार, दोन निळ्या आणि एक लाल खूण दिसली की समजा सरकारनं दखल घेतली, वगैरे. तो धादांत खोटा आहे, त्यावर वेळ घालवायचा नाही. अडचण अशी की तो खोटा आहे म्हटलं की लोक थेट दुसरं टोक गाठतात, 'इंटरनेटवरून केलेला कॉल कोणालाच सापडत नाही'. तेही खरं नसणार.

या विषयात रोज काम करणारी मंडळी इथे आहेत, म्हणून नेमकं विचारतो. साधा मोबाइल कॉल आणि व्हॉट्सअ‍ॅप, सिग्नल, टेलिग्राम, झूमवरचा कॉल यांत पोलिसांच्या दृष्टीनं फरक काय? चालू कॉल ऐकता येतो का? परवानगी कोण देतं, न्यायालय की सरकार? बोलणं मिळत नसेल तर मिळतं काय, आणि ते मिळवायला किती वर जावं लागतं? शेवटचं: पोलिसांनी 'फोन दाखव, लॉक उघड' म्हटलं तर कायद्यानं कुठपर्यंत नाही म्हणता येतं? कलमांसकट उत्तरं आली तर फार उपयोग होईल. पुढाऱ्यांच्या फोन टॅपिंगच्या बातम्या कृपया इथे नकोत.

बिनतारी

तांत्रिक बाजू मांडतो, कलमं वकील मंडळींनी सांगावीत.

आधी साधा कॉल. हँडसेटपासून टॉवरपर्यंतचा हवेतला टप्पा कुलूपबंद असतो, पण कंपनीच्या यंत्रणेत पोचल्यावर आवाज उघडा होतो. व्होल्टीई आणि वायफाय कॉलिंगचंही तेच. डेटावरून जात असले तरी ते कॉल मोबाइल कंपनीचेच असतात. कायदेशीर इंटरसेप्शनची (कॉल मध्येच पकडून ऐकण्याची) सोय नेटवर्कमध्ये असणं ही परवान्याची अटच आहे. आदेश आला की तो नंबर टार्गेटवर टाकतात आणि आवाजाची एक प्रत तपास यंत्रणेकडे वळते. ही प्रत कंपनीच्या आत निघते, तुमच्या फोनला कोणी हात लावत नाही. म्हणून कॉलमध्ये खरखर आली, बॅटरी लवकर उतरली, मागे आवाज घुमला म्हणजे फोन टॅप झाला, ही समजूत सोडून द्या. असा टॅप झालेला फोन हातात अगदी नेहमीसारखाच वागतो.

व्हॉट्सअ‍ॅप कॉलमध्ये कुलूप वेगळ्या जागी आहे. तुम्ही कॉल लावला की तुमचा फोन ३२ बाइटचं एक गुपित स्वतः तयार करतो आणि चॅटचा मेसेज जसा कुलूपबंद जातो तसंच ते समोरच्या फोनला पाठवतो. त्या गुपितातून दोन्ही फोन आवाजाच्या किल्ल्या काढतात. या किल्ल्या त्या दोन फोनांखेरीज कुठेच नसतात, कंपनीच्या सर्व्हरवर नाहीत आणि जिओ-एअरटेलकडेही नाहीत. मध्ये कोणी ही पाकिटं पकडली तर त्यातून एक शब्दही निघत नाही. सिग्नलचंही असंच. टेलिग्रामचा दोघांतला कॉलही असाच असतो (स्क्रीनवर चार इमोजी येतात, त्या दोघांनी एकमेकांना वाचून दाखवायच्या, जुळल्या तर मध्ये कोणी नाही). पण टेलिग्रामच्या साध्या चॅट मात्र कंपनीच्या सर्व्हरवर कंपनीला उघडता येतील अशा पद्धतीनं राहतात, आणि हे वापरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं.

झूमचा मामला निराळा. दोन टोकांमधलं पूर्ण एन्क्रिप्शन तिथे ऑक्टोबर २०२० पासून आहे, पण ते आपण चालू करावं लागतं. चालू केलं की क्लाउड रेकॉर्डिंग आणि साध्या फोनवरून नंबर फिरवून मीटिंगमध्ये येणं बंद होतं. साहजिक आहे, या दोन्ही सोयींसाठी सर्व्हरला आवाज ऐकू यावा लागतो. मीटिंग क्लाउडवर रेकॉर्ड केलीत तर ती कंपनीकडे पडलेली एक फाइल झाली. ती मागणं आणि चालू कॉल ऐकणं या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत.

मग व्हॉट्सअ‍ॅप कॉल कधीच ऐकता येत नाही का? येतो, फोनच ताब्यात घेतला तर. २०१९ च्या मे महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं कॉलच्या कोडमधली एक चूक दुरुस्त केली. त्या चुकीचा फायदा घेऊन नुसता कॉल लावून, समोरच्यानं तो उचलला नाही तरी, पेगॅसस हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर फोनमध्ये उतरवता येत होतं. जगभरातले सुमारे १४०० जण लक्ष्य झाले, त्यांत भारतातलेही होते. एन्क्रिप्शन तेव्हाही तुटलं नव्हतं. माइकपाशीच चोर बसला की कुलूप कितीही भक्कम असून उपयोग नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये नेमलेल्या समितीनं २९ फोन तपासले, पाचांत काहीतरी मालवेअर सापडलं, ते पेगॅससच होतं असा निष्कर्ष निघाला नाही, आणि सरकारनं समितीला सहकार्य केलं नाही असं सरन्यायाधीशांनी ऑगस्ट २०२२ मध्ये सुनावणीत सांगितलं.

आता बोलणं नाही तर मिळतं काय? कॉलची सावली. साध्या कॉलचा सीडीआर असतो: कोणी कोणाला, कधी, किती सेकंद, कोणता आयएमईआय (हँडसेटचा ओळख क्रमांक), सुरुवातीला कोणता टॉवर आणि शेवटी कोणता. इंटरनेट वापराचा आयपीडीआर असतो: तुमचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) आणि पोर्ट (त्या पत्त्यावरच्या दाराचा नंबर), पलीकडचा आयपी आणि पोर्ट, सुरू-बंद वेळ, किती डेटा गेला. डिसेंबर २०२१ च्या परवाना दुरुस्तीनंतर कंपन्यांना हे दोन्ही किमान २ वर्षं ठेवावं लागतं, आधी १ वर्ष होतं.

व्हॉट्सअ‍ॅप कॉल कधी सर्व्हरमार्गे जातो, कधी थेट फोन ते फोन. थेट गेला तर आयपीडीआरमध्ये समोरच्याचा आयपी सरळ दिसतो. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, तिथे अगदी खाली अ‍ॅडव्हान्स्ड, त्यात कॉलमध्ये आयपी झाकायचा पर्याय आहे. तो चालू केला की प्रत्येक कॉल कंपनीच्या सर्व्हरमार्गे जातो. आवाजाचा दर्जा थोडा उतरतो, पण समोरच्याला आणि आयपीडीआर वाचणाऱ्याला फक्त सर्व्हरचा पत्ता दिसतो. कंपनीला मात्र दोन्ही टोकं दिसतात, हे विसरू नका.

फौजदारी बाजू

परवानगी न्यायालय देत नाही, सरकार देतं. माझ्या मते सगळं दुखणं इथून सुरू होतं.

साध्या कॉलसाठी १८८५ चा तार अधिनियम होता, कलम ५(२). 'सार्वजनिक आणीबाणी' किंवा 'सार्वजनिक सुरक्षितता' यांपैकी एक असल्याशिवाय टॅपिंग करता येत नाही, हा त्याचा उंबरठा. सर्वोच्च न्यायालयानं पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या खटल्यातल्या १८ डिसेंबर १९९६ च्या निकालात तो पक्का केला आणि गृहसचिवाची सही, मुदत, समितीकडून तपासणी असे नियम घालून दिले. त्यावरून २००७ मध्ये नियम ४१९-अ आला. आता त्या जागी दूरसंचार अधिनियम २०२३ चं कलम २०(२) आहे, लागू २६ जून २०२४ पासून, आणि ६ डिसेंबर २०२४ चे नवे नियम. ढाचा तोच: केंद्रात केंद्रीय गृहसचिव, राज्यात गृह विभागाचे सचिव. आदेश ६० दिवस, वाढवत नेला तरी एकूण १८० दिवसांपलीकडे नाही. तातडीच्या प्रसंगी राज्यात पोलीस महानिरीक्षक किंवा त्याहून वरचा अधिकृत अधिकारी आदेश देऊ शकतो, पण तीन कामकाजी दिवसांत वर कळवायचं आणि सात कामकाजी दिवसांत मंजुरी मिळवायची. नाही मिळाली तर टॅपिंग तिथेच थांबतं आणि ऐकलेलं पुरावा म्हणून वापरता येत नाही.

तपासणीला समिती असते. राज्यात मुख्य सचिव, विधी सचिव आणि आणखी एक सचिव. आदेश देणारे सचिव, तपासणारेही सचिव. न्यायाधीश कुठेच नाही. डेटा संरक्षणासाठी नेमलेल्या न्या. श्रीकृष्ण समितीनं २०१८ च्या अहवालात लिहून ठेवलंय की केंद्राच्या समितीसमोर दोन महिन्यांतून एकदा होणाऱ्या एकेका बैठकीत १५ ते १८ हजार आदेश असतात. दिवसभर बसले तरी एका आदेशाला दोन सेकंद येतात. याला तपासणी म्हणवत नाही.

इंटरनेट कॉलला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९ आणि २००९ चे इंटरसेप्शन नियम लागतात. इथे एक मोठा फरक आहे आणि त्याच्याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. कलम ६९ मध्ये तो 'सार्वजनिक आणीबाणी वा सुरक्षितता' हा उंबरठाच नाही. उलट 'कोणत्याही गुन्ह्याच्या तपासासाठी' असे शब्द आहेत. म्हणजे ज्या गुन्ह्यात साधा फोन टॅप करता येणार नाही, त्याच गुन्ह्यात इंटरनेट कॉलसाठी आदेश निघू शकतो. सही मात्र गृहसचिवाचीच लागते. २० डिसेंबर २०१८ च्या केंद्राच्या आदेशात दहा यंत्रणांची नावं आहेत. पोलीस दलांपैकी त्यात फक्त दिल्लीचे पोलीस आयुक्त आहेत. मुंबई-पुण्याच्या पोलिसांना राज्याच्या गृह विभागाकडेच जावं लागतं. मोक्का लागला असेल तर त्या कायद्यात इंटरसेप्शनची स्वतःची वेगळी कलमं आहेत, १३ ते १६, आणि सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये ती वैध ठरवली आहेत.

मग कंपनीला 'किल्ली द्या' म्हणता येतं का? कलम ६९(४) खाली मदत नाकारली तर सात वर्षांपर्यंत कैद आहे, हे ऐकून लोक घाबरतात. पण २००९ च्या नियमांतला १३(३) वाचा: उलगडून देण्याचा आदेश कंपनीनं स्वतः एन्क्रिप्ट केलेल्या किंवा जिची किल्ली कंपनीच्या हातात आहे तेवढ्याच माहितीपुरता. बिनतारींनी सांगितलं तसं, किल्ली कंपनीकडे नाहीच. त्याच कायद्याखालच्या २०२१ च्या नियमांतल्या ४(२) मध्ये ५० लाखांवर वापरकर्ते असलेल्या मेसेजिंग कंपनीनं संदेशाचा 'पहिला पाठवणारा' शोधून द्यावा असं आहे. त्याला व्हॉट्सअ‍ॅपनं मे २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं. तो वाद फॉरवर्ड होणाऱ्या मजकुराचा आहे. कॉलला 'पहिला पाठवणारा' ही कल्पनाच बसत नाही.

आता खरी गोम. बोलणं ऐकायला गृहसचिवाची सही लागते. कोणाशी, कधी, कुठून बोललात हे कळायला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खालचं पत्र पुरतं (जुनं सीआरपीसी ९१), आणि शिस्त एवढीच की ते पोलीस अधीक्षक किंवा उपायुक्त दर्जाच्या अधिकाऱ्यामार्फत जावं. दोन वर्षांचे टॉवर एका एक्सेल शीटमध्ये लावले की माणूस कोणत्या डॉक्टरकडे गेला, कोणत्या वकिलाला भेटला, रात्री कुठे राहिला हे सगळं उलगडतं. संभाषण ऐकायची गरजही राहत नाही. ही शिस्त किती सैल होऊ शकते ते २०१८ साली ठाणे पोलिसांनीच दाखवून दिलं, खासगी गुप्तहेर लोकांचे सीडीआर विकत असल्याचं प्रकरण त्यांनी उघडकीला आणलं. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी निकालात खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला, तरी या सावलीसाठी संसदेनं आजवर वेगळा कायदा केलेला नाही. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही कलम १७ नं गुन्ह्याच्या तपासाला सूटच दिली आहे.

तपासणीस

वरचं बरोबर आहे, पण चित्र एकाच बाजूनं रंगलंय. तपास करणाऱ्याच्या टेबलावर काय असतं तेही सांगतो.

अपहरण झालंय, खंडणीचा कॉल व्हॉट्सअ‍ॅपवरून आलाय, दर तासाला दुसऱ्या नंबरवरून येतोय. इथे बोलणं कोणाला हवंय? आरोपी बसलाय कुठे, एवढंच हवं असतं. जिवाला तातडीचा धोका असेल तर मेटाच्या (व्हॉट्सअ‍ॅपची मालक कंपनी) पोर्टलवर आपत्कालीन विनंती टाकता येते, आणि कंपनी स्वतःच्या निर्णयानं माहिती देते: खातं कधी उघडलं, शेवटचं कधी वापरलं, कोणत्या आयपीवरून, कोणत्या प्रकारचा फोन. नेहमीच्या प्रकरणात आधी ९० दिवसांची जतन-विनंती टाकायची, म्हणजे खातं बंद झालं तरी नोंदी राहतात. ती न टाकता थेट माहिती मागणं ही सर्रास होणारी चूक. कागद फिरून येईपर्यंत हाती काही उरत नाही. अमेरिकेतल्या कंपनीकडचा आशय (ई-मेल, क्लाउडवरच्या फाइली) हवा असेल तर केंद्रीय गृह मंत्रालयामार्फत परस्पर कायदेशीर साहाय्याच्या कराराचा रस्ता आहे. भारत-अमेरिका करार २००१ चा, लागू २००५ पासून. त्या रस्त्यानं महिने जातात.

सिग्नलकडे मागून काही मिळणार नाही. खातं कोणत्या दिवशी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं, दोनच गोष्टी त्यांच्याकडे असतात.

आयपी मिळाल्यावर सगळ्यात जास्त तपास बुडतात ते दोन बारीक गोष्टींत. पहिली, पोर्ट नंबर. मोबाइल कंपन्या एकच सार्वजनिक आयपी एकाच वेळी शेकडो ग्राहकांना देतात. नुसता आयपी लिहून पत्र पाठवलं तर कंपनी एक तर यादीच पाठवते किंवा 'माहिती अपुरी' म्हणून परत करते. आयपी, पोर्ट आणि सेकंदापर्यंतची वेळ, तिन्ही लागतात. दुसरी, घड्याळ. परदेशी कंपनीची नोंद यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत येते. १४ तारखेची रात्री २२:१५ यूटीसी म्हणजे आपल्याकडे १५ तारखेची पहाटे ३:४५. साडेपाच तास मिळवायचे राहिले तर तोच आयपी त्या वेळी ज्याच्याकडे होता तो भलताच माणूस ठाण्यात येऊन बसतो. खासगीपणाची काळजी करणाऱ्यांनी या चुकीकडेही बघावं, कारण निरपराध माणूस इथे अडकतो.

मला स्वतःला एन्क्रिप्शनमध्ये चोरदार नको आहे. ते दार फक्त चांगल्यांसाठी उघडं ठेवता येत नाही. पण ही सावलीची माहितीसुद्धा न्यायाधीशाच्या आदेशाशिवाय नको म्हणाल, तर पहिल्या सहा तासांत शोध घेता येईल अशी सोयही सुचवा.

फौजदारी बाजू

@तपासणीस, सोय कायद्यात आधीपासून आहे: आधी घ्या, ठरलेल्या मुदतीत मंजुरी मिळवा, नाही मिळाली तर नष्ट करा. इंटरसेप्शनला जे लागू आहे तेच आयपीडीआरला लावा, फक्त मंजुरी सचिवाऐवजी दंडाधिकाऱ्याची. सहा तास वाचतात आणि कागदही राहतो. यूटीसीचा मुद्दा मात्र शंभर टक्के मान्य, आरोपीच्या वकिलानं पहिला हात तिथेच घालावा.

हॅश

फोनच्या झडतीबद्दल लिहितो, कारण व्हॉट्सअ‍ॅप कॉलची जी काही माहिती खटल्यात येते ती बहुतेक फोनमधूनच येते. कॉल लॉग, वेळा, मिस्ड कॉल, आणि कोणी रेकॉर्डिंग अ‍ॅप वापरत असेल तर थेट ऑडिओ. तारेवरचं कुलूप इथे काही कामाचं नाही.

रस्त्यात थांबवून 'व्हॉट्सअ‍ॅप दाखव' असं म्हणायचा सरसकट अधिकार पोलिसांना नाही. गुन्ह्याचा तपास हवा, आणि कागद हवा. कलम ९४ च्या लेखी नोटिशीनं फोन हजर करायला सांगता येतं (नव्या संहितेत इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा स्पष्ट उल्लेख आहे). पण अशी नोटीस आरोपीला लागू होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं जुन्या संहितेखाली १९६४ सालीच सांगितलंय. आरोपीचा फोन झडती घेऊन जप्त करतात, आणि कलम १०५ प्रमाणे झडती व जप्तीचं ऑडिओ-व्हिडिओ चित्रीकरण करावं लागतं.

जप्तीचा पंचनामा होताना पुढचं डोळ्यांसमोर ठेवा. फोनचा मेक, मॉडेल आणि दोन्ही आयएमईआय लिहिले का? सिम आणि मेमरी कार्डाचे नंबर? फोन चालू होता की बंद, लॉक होता की उघडा? एअरप्लेन मोडवर टाकला का? तसं न करता चालू फोन पिशवीत टाकला तर जप्तीनंतरही मेसेज येत राहतात, डेटा बदलत राहतो, आणि पुढे कोणीही म्हणू शकतो की हे नंतर घातलं. पाकीट पंचांच्या सह्यांनिशी सील झालं का? प्रयोगशाळेत प्रत काढताना हॅश घेतात, म्हणजे त्या प्रतीचा डिजिटल ठसा. एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर हॅश पूर्ण बदलतो. पंचनाम्याची प्रत जागेवरच मागा.

पासवर्ड. इथे कायदा अजून डळमळीत आहे. कर्नाटक उच्च न्यायालयानं २०२१ मध्ये सांगितलं की न्यायालयाच्या आदेशानं पासवर्ड मागणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष नव्हे. दिल्लीच्या एका विशेष सीबीआय न्यायालयानं २०२२ मध्ये उलट भूमिका घेतली. बोटाच्या ठशाचं वेगळं. मुंबई राज्याच्या काठी काळू ओघड प्रकरणात १९६१ साली अकरा न्यायाधीशांनी सांगितलं की बोटाचे ठसे देणं म्हणजे साक्ष देणं नव्हे. तेव्हा अनलॉक नव्हतं, पण तोच तर्क आज ठशानं उघडणाऱ्या फोनला लावला जातो. म्हणून डोक्यातल्या सहा आकड्यांना कायद्यात जास्त संरक्षण मागता येतं, अंगठ्याला कमी. फोन बंद करून पुन्हा चालू केला की पहिल्यांदा ठसा चालत नाही, पिन लागतोच.

एक मात्र कळकळीनं सांगतो: नोटीस आल्यावर चॅट किंवा रेकॉर्डिंग पुसायला जाऊ नका. पुरावा होऊ नये म्हणून इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, आणि पुसल्याची खूण फोनमध्ये राहते.

राइनकाठ

जर्मनीतली पद्धत थोडक्यात, तुलनेसाठी. इथे सरकारी वकील अर्ज करतो आणि आदेश न्यायालय देतं. तातडी असेल तर सरकारी वकील स्वतः देऊ शकतो, पण तीन कामकाजी दिवसांत न्यायालयाची मंजुरी आली नाही तर तो आपोआप मरतो. तपासणीस विचारतात ती सोय ती हीच. एन्क्रिप्टेड कॉलसाठी २०१७ पासून फोनमध्ये सरकारी ट्रोजन टाकून चालू संभाषण पकडायची तरतूद आहे. ज्या गुन्ह्यांना जास्तीत जास्त तीन वर्षांची शिक्षा आहे त्यांच्यासाठी ती वापरता येणार नाही, असं घटना न्यायालयानं २०२५ मध्ये ठरवलं.

पण माझ्या लेखी सगळ्यात मोलाची गोष्ट दुसरीच. पाळत संपल्यावर संबंधित माणसाला कळवणं इथे कायद्यानं बंधनकारक आहे, तपासाला धक्का लागणार नसेल तेव्हा. अमेरिकेतही १९६८ च्या कायद्यानं आदेश ३० दिवसांचा असतो आणि संपल्यावर साधारण ९० दिवसांत कळवावं लागतं. भारतात खटला झालाच नाही तर आपला फोन कधी टॅप झाला होता हे माणसाला मरेपर्यंत कळत नाही. जे कळतच नाही त्याविरुद्ध दाद कशी मागणार?

चोरदाराबद्दल दोन दाखले. ग्रीसमध्ये २००४-०५ मध्ये एका मोबाइल कंपनीतली कायदेशीर इंटरसेप्शनचीच यंत्रणा कोणीतरी गुपचूप वापरली आणि पंतप्रधानांसह शंभरावर लोकांचे फोन ऐकले. २०२४ मध्ये अमेरिकेत सॉल्ट टायफून या चिनी हॅकरांच्या गटानं मोबाइल कंपन्यांमध्ये शिरून, पोलिसांच्या टॅपिंगसाठी ठेवलेल्या यंत्रणेपर्यंत मजल मारली. त्यानंतर तिथल्या सरकारी सायबर संस्थेनंच मोठ्या पदांवरच्या लोकांना एन्क्रिप्टेड अ‍ॅप वापरायला सांगितलं.

खडकवासला

खूप आभार सगळ्यांचे. एकच राहिलं. दोषारोपपत्रात कॉलचं रेकॉर्डिंग जोडलेलं असेल तर आधी काय तपासायचं?

फौजदारी बाजू

पहिला प्रश्न: रेकॉर्ड कोणी केलं? बोलणाऱ्या दोघांपैकी एकानं स्वतः केलं असेल तर ते टॅपिंग नाही. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा मुंबईतलाच खटला, निकाल १९७२ चा. एका बाजूच्या संमतीनं केलेलं रेकॉर्डिंग ग्राह्य धरलं गेलं. पती-पत्नीनं एकमेकांचं चोरून केलेलं रेकॉर्डिंगही वैवाहिक खटल्यात चालतं, असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये सांगितलं. तेव्हा 'माझ्या परवानगीशिवाय रेकॉर्ड केलं' एवढ्यावर भिस्त ठेवू नका.

यंत्रणेनं टॅप केलं असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३० खाली मूळ आदेशाची प्रत मागा. दोषारोपपत्राला बरेचदा नुसतं पत्र जोडलेलं असतं, आदेश नसतो. आदेशात सही कोणाची, तारीख कोणती, आणि सार्वजनिक सुरक्षिततेला धोका कसा, हे लिहिलंय की कलमाचे शब्द तसेच उतरवलेत? मुंबई उच्च न्यायालयानं २२ ऑक्टोबर २०१९ च्या विनीत कुमार निकालात लाचेच्या प्रकरणातले तीन आदेश याच कारणानं रद्द केले आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं. मद्रास उच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये तीच वाट धरली. दिल्ली उच्च न्यायालयानं मात्र जून २०२५ मध्ये मोठ्या रकमेचा भ्रष्टाचार सार्वजनिक सुरक्षिततेत येऊ शकतो असं म्हटलं, म्हणून दुसरी बाजू तो निकाल घेऊन येणार हे धरून चला.

मग तारखा जुळवा. प्रत्येक कॉलची तारीख आदेशाच्या ६० दिवसांत बसते का? मुदतवाढीचा आदेश जुना संपायच्या आधीचा आहे की नंतरचा? समितीचा निर्णय जोडलाय का? मध्ये चार दिवसांची फट असेल तर त्या चार दिवसांतले कॉल वेगळे काढून त्यांच्यावर स्वतंत्र आक्षेप घ्या.

शेवटी प्रमाणपत्र, भारतीय साक्ष्य अधिनियम कलम ६३(४). त्याचे दोन भाग असतात: भाग अ उपकरण हाताळणाऱ्याचा, भाग ब तज्ज्ञाचा. जालना मतदारसंघाच्या निवडणूक खटल्यात, खोतकर निकालात, २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की मूळ उपकरण हजर नसेल तर हे प्रमाणपत्र टाळता येत नाही. भाग ब नसणं हा सध्या सर्वाधिक दिसणारा दोष. दोन्ही असतील तर त्यावरचा हॅश आणि तुम्हाला दिलेल्या पेन ड्राइव्हवरच्या फाइलचा हॅश स्वतः काढून ताडून बघा, कोणत्याही लॅपटॉपवर दोन मिनिटांचं काम आहे. जुळला नाही तर पेन ड्राइव्ह पुन्हा न उघडता त्याच दिवशी लेखी अर्ज करा आणि अर्जात दोन्ही हॅश पूर्ण लिहा.